फ्लॅटलँडसाठी फिक्स्ड बीएमएक्स: अकरा महिन्यांचा वापर आणि एका चकतीचा छळ

गेल्या सप्टेंबरात एका शनिवारी रात्री, सायकलीवर उलट्या दिशेने वर्तुळ घेताना ऐन मध्यावर, मागच्या हबमधून, म्हणजे चाकाच्या मधल्या भागातून, ‘टक्’ असा आवाज आला, पायाखालचे पायडल क्षणभर पोकळ झाले आणि मी सपशेल पाठीवर पडलो. लागले फारसे नाही; परंतु मागच्या चाकावरची दात्यांची चकती आट्यांवरून ढिली होण्याची ती सातवी वेळ होती, आणि ज्या दुकानाने सहा वेळा ती अत्यंत नम्रपणे कसून दिली होती त्याच दुकानात सोमवारी पुन्हा जायचे, या विचाराने मी पडण्यापेक्षा अधिक हैराण झालो. हा अनुभव लिहायचे त्याच रात्री ठरवले होते. प्रत्यक्षात लिहायला जानेवारी उजाडला, आणि या अकरा महिन्यांत माझे मत दोनदा बदलले, हे आधीच सांगून ठेवतो.

फ्लॅटलँड म्हणजे लहान बीएमएक्स सायकलीवर सपाट जमिनीवर करायच्या तोलाच्या कसरती, आणि पेग म्हणजे त्यांत पाय ठेवायला चाकांच्या आसांना लावलेल्या आखूड नळ्या; वीस इंची टायरमध्ये शंभर पीएसआयच्या आसपास हवा का भरतात, हे मात्र वाचणाऱ्यांना ठाऊक आहे असे धरून चालतो. माझी फ्रेम जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. वरची नळी 19 इंचांची आणि ब्रेक मुळातच नाहीत. फेब्रुवारीत मी फक्त मागचे चाक बदलले, म्हणजे उलटे जाताना पायडले स्थिर ठेवणारा फ्रीकोस्टर हब काढून त्या जागी फिक्स्ड हबचे, म्हणजे पायडले कायम आपल्याबरोबर फिरवणारे, चाक घातले. मी मूळचा कोल्हापूरचा. नऊ वर्षे तोक्योच्या निशिकासाई भागात राहतो, वय 37, आणि आठवड्यातून तीन रात्री आराकावा नदीच्या काठी एका उड्डाणपुलाखालच्या गुळगुळीत काँक्रीटवर सराव करतो. माझ्या निम्म्या वयाची मुले तेथे माझ्या दुप्पट सफाईने फिरतात, त्यामुळे पुढचे सारे एका मध्यम कुवतीच्या, खिशाला जपणाऱ्या माणसाचे मत म्हणूनच वाचावे.

फिक्स्डकडे वळण्याचे कारण सांगताना मी सुरुवातीला मोठा तात्त्विक आव आणत असे. खरे कारण पैशाचे होते. जुन्या फ्रीकोस्टरचा क्लच झिजला होता. नव्या चांगल्या फ्रीकोस्टर चाकाला 46,000 येन पडणार होते आणि हे फिक्स्ड चाक आरे ताणून तयार 19,800 येनला मिळत होते. शिवाय फ्रीकोस्टरची एक खोड मला कायम खुपत असे. उलटे सरकून झाल्यावर पुन्हा पुढे पायडल मारावे तर पाय आधी थोडा रिकामाच फिरतो आणि मगच चाक पकड घेते. ती मोकळी जागा कमी करावी तर उलटे जाताना हब मध्येच पकडतो, वाढवावी तर चिखलात पाय टाकल्यासारखे वाटते. फिक्स्डमध्ये ही भानगडच नाही: चाक फिरले की पायडल फिरणार, पुढेही आणि मागेही.

ही निवड खेळाच्या इतिहासाच्या उलट दिशेने जाणारी आहे, याची मला कल्पना होती. पेनसिल्व्हेनियातील यॉर्क गावचा केव्हिन जोन्स आणि त्याच्या ‘प्लायवूड हूड्स’ मंडळींनी 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात फ्लॅटलँडला एका जागी ब्रेक धरून उड्या मारण्यापासून सोडवले आणि सतत घरंगळणाऱ्या कसरतींकडे नेले. पुढे कॅनडाच्या चेस गूअँसारख्यांनी ब्रेकच काढून टाकले. माणूस पायडल सोडून पेगवर उभा राहू लागला आणि सायकल मागेही धावू लागली, तेव्हा आपोआप उलटी फिरणारी पायडले ही अडचण ठरली आणि म्हणूनच फ्रीकोस्टर रुजला. जी अडचण दूर करायला इतकी डोकी खपली, ती मी पैसे मोजून परत विकत घेतली होती.

पहिले दोन महिने त्याची शिक्षा भोगली. माझी पुढची चकती 28 दात्यांची आणि मागची 14 ची आहे, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचे दोन फेरे होतात. चाकाचा घेर साधारण दीड मीटर असल्यामुळे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल तीन मीटर पुढे जाते. तीन मीटर व्यासाचे एक वर्तुळ मागच्या पेगवर उभे राहून पूर्ण करावे, तर तेवढ्यात क्रँक, म्हणजे पायडलांचा दांडा, तीन वेळा फिरतो, आणि प्रत्येक फेऱ्यात पायडल नडगीजवळून दोनदा जाते, कारण पायडले दोन आहेत. हा हिशेब मी नंतर कागदावर मांडला. नडगीने तो पहिल्याच रात्री करून दाखवला होता. एप्रिलमध्ये माझ्या डाव्या पायावर गुडघ्यापासून घोट्यापर्यंत इतके व्रण होते की कचेरीत एका सहकाऱ्याने हळूच, मांजर पाळली आहे का, असे विचारले. धातूच्या खिळ्यांची पायडले काढून प्लास्टिकची घातली आणि फुटबॉलचे नडगीरक्षक बांधले, तेव्हा हे सुसह्य झाले. पुढच्या चाकावरच्या ज्या कसरतींत मागचे चाक हवेत असते, म्हणजे हिचहायकर किंवा स्टीमरोलर, त्यांत फिक्स्डचा त्रास जवळजवळ होत नाही. सारा त्रास मागच्या चाकावर उभे राहण्यात आहे. एप्रिलअखेर माझे लेखी मत असे होते: ‘पाच पैकी दोन तारे, फ्रीकोस्टर दुरुस्त करून घेतला असता तर बरे झाले असते.’

मग मे महिन्यात काहीतरी जुळले. पायडलवर उभे राहून उलटे जाण्याची कसरत, जिला आम्ही फेकी म्हणतो, ती फ्रीकोस्टरवर करताना पाय निश्चल असतात आणि सायकल गेलेल्या वेगावर आपली आपण घरंगळते. वेग मेला की कसरत मेली. फिक्स्डवर मात्र उलटे पायडल मारून वेग वाढवता येतो, पाय किंचित रोखून कमी करता येतो, आणि थांबून जागच्या जागी उभेही राहता येते. एका रात्री मी उलटे वर्तुळ घेताना डावा पाय तळाशी आल्यावर जरासा दाबला, तेव्हा सायकल थबकली, तिने अर्धा श्वास घेतला आणि त्याच रेषेवरून पुढे निघाली. ब्रेक नाही, उडी नाही, जमिनीला पाय नाही. टाचेतून चाकाच्या टायरपर्यंत एकच सलग काठी असल्यासारखे वाटले. तेव्हापासून मी पेगवरच्या निम्म्या कसरती सोडून दिल्या आणि पायडलवरून करता येतील अशाच जोडण्या शोधू लागलो.

जर्मनीत आणि युरोपच्या आणखी काही देशांत हॉलमध्ये चालणारी कलात्मक सायकलिंगची स्पर्धा असते. तिच्या सायकलीही फिक्स्डच असतात, दोन्ही चकत्यांचे दाते जवळजवळ सारखे, हँडल वर वळलेले, आणि पाच मिनिटांत ठरलेल्या कसरती करून दाखवायच्या असतात. त्या चित्रफिती पाहिल्यावर कळले की मी काही नवे करत नव्हतो, फक्त लहान चाकावर आणि कमी शिस्तीने करत होतो. जूनमध्ये माझे मत चार ताऱ्यांवर गेले.

याच सुमारास चकती सुटू लागली. या एका दोषावर मी या लेखाचा निम्मा भाग खर्च करणार आहे, आणि तो अप्रमाण आहे हे मान्य आहे.

फिक्स्ड हबची रचना समजून घेतल्याशिवाय माझा राग समजणार नाही. चकती हबवर उजव्या आट्यांनी बसते, म्हणून पुढे पायडल मारले की ती आणखी कसली जाते. मागे जोर लावला की तीच सुटू पाहते. ट्रॅकच्या, म्हणजे धावपट्टीवरच्या शर्यतींच्या सायकलीच्या, खऱ्या हबवर यासाठी आट्यांची दुसरी, थोडी लहान पायरी असते आणि तिच्यावर डाव्या आट्यांचा चेकनट बसतो. चकती सुटू लागली की चेकनट उलट आवळला जातो आणि तिला अडवतो. साधी, शंभर वर्षांची सिद्ध युक्ती. पण ट्रॅकचा हब 120 मिलिमीटर रुंद, आणि बीएमएक्सच्या फ्रेममध्ये जागा 110 ची. शिवाय पेग पेलायला 14 मिलिमीटरचा अ‍ॅक्सल लागतो. म्हणून मला जे चाक विकले गेले त्यातला हब प्रत्यक्षात साध्या फ्रीव्हीलचा, म्हणजे मागे मोकळ्या फिरणाऱ्या नेहमीच्या चकतीचा, होता. त्याच्यावर चकती बसवली होती आणि तिच्यामागे त्याच मापाचा, त्याच उजव्या आट्यांचा चेकनट, जो मुळात सायकलीच्या मधल्या बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे क्रँक ज्यात फिरतो त्या भागाच्या, कपासाठी बनतो. दोन्ही आटे एकाच दिशेचे! मागे जोर लावला की चकती सुटते आणि चेकनटलाही बरोबर घेऊन जाते. चोराला पहारेकरी म्हणून त्याचाच भाऊ नेमावा, तसा हा प्रकार आहे. इंग्रजीत अशा हबला आत्मघाती हब म्हणतात. रस्त्यावर फक्त पुढे चालवणाऱ्याला तो वर्षानुवर्षे चालेलही. परंतु फ्लॅटलँडमध्ये निम्मा जोर मागेच लागतो.

हे मी दुकानदाराला सांगितले. त्याचे नाव किंवा ठिकाण देण्याची गरज नाही, कारण माणूस मनाने वाईट नाही. त्याच्या नम्रतेनेच माझे नुकसान केले. प्रत्येक वेळी तो दोन्ही हातांनी चाक घेई, कमरेत वाकून क्षमा मागे, आत नेऊन पान्याने कसे, पुसून चकचकीत करून परत देई आणि पैसे घेत नसे. भांडायला समोर भिंत तरी हवी. येथे तर गादी होती. चौथ्या खेपेला मी म्हणालो की हब बदलून द्या. त्याने छापील माहितीपत्रक काढले आणि एका ओळीवर बोट ठेवले: ‘सामान्य वापरासाठी’. मी विचारले की फ्लॅटलँडसाठी म्हणूनच हे चाक तुम्ही विकले ना? तो म्हणाला की होय, आणि पुन्हा वाकला. पाचव्या खेपेला त्याने मला केइरिनचे उदाहरण दिले: ज्या देशात 1948 पासून फिक्स्ड सायकलींच्या शर्यतींवर अधिकृत पैज लागते, तेथे फिक्स्डवर शंका कशाला? मी म्हणालो की केइरिनच्या हबला डाव्या आट्यांचा चेकनट असतो. तो हसला, वाकला आणि चकती कसायला आत गेला.

मधल्या काळात मी घरगुती उपाय करून पाहिले. आट्यांना लावायचा लाल चिकट द्राव लावला. तो तीन आठवडे टिकला. मग चेनने चकती कसण्याची ती प्रसिद्ध पद्धत वापरली, जिला रोटाफिक्स म्हणतात: चेन चकतीवर घालून तिचा वेढा बॉटम ब्रॅकेटच्या नळीला द्यायचा, आणि चाकच दोन्ही हातांनी फिरवून त्याच्या तरफेने चकती आवळायची. पान्यापेक्षा हा जोर कितीतरी जास्त असतो. फ्रेमचा रंग निघू नये म्हणून खाली चिंधी ठेवावी, जी मी पहिल्यांदा विसरलो. त्याने चकती पाच आठवडे गप्प राहिली आणि मग त्या सप्टेंबरातल्या शनिवारी तिने मला पाठीवर टाकले. दुकानातली सातवी खेप मी तरीही केली, कारण फुकट होती.

दिवाळीला घरी जायचे होते. टायर आणि ट्यूब काढून चाक मोठ्या बॅगेत बसते, हे मी मोजून पाहिले. बायकोने फक्त एवढेच विचारले की परत येताना फराळाचे डबे कुठे ठेवायचे. मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने कोल्हापूर गाठले आणि दुसऱ्याच दिवशी चाक घेऊन उद्यमनगरात गेलो, जेथे माझ्या वडिलांच्या ओळखीच्या एका मिस्त्रींचे लेथचे दुकान आहे. त्यांनी चाक हातात धरले, चकती पुढे-मागे फिरवून पाहिली आणि म्हणाले, “आवं, ही तर सर्कशीतली सायकल हाय की. मागंबी चालती न्हवं?” मी होय म्हणालो. विष्णुपंत छत्र्यांनी 1880 मध्ये सर्कस उभी केली तेव्हापासून आमच्या मुलखाचे सर्कशीशी नाते आहे, आणि मिस्त्रींनी लहानपणी तंबूत पाहिलेली मागे जाणारी सायकल त्यांच्या डोक्यात पक्की होती. मी आट्यांचा, चेकनटचा सारा पाढा वाचू लागलो, तर त्यांनी हात वर केला: “कळलं, भावा. दोन्हीकडनं जोर येतोय, आणि आटं एकाच अंगाचं हायत. खिळा मारायला लागंल.”

वेल्डिंग करू नका, हब अॅल्युमिनियमचा आहे, असे मी सांगणार होतो. ते त्यांना माझ्या आधी माहीत होते. त्यांनी चकती पूर्ण आवळून बसवली आणि चकतीचे आतले वर्तुळ जेथे हबच्या आट्यांना मिळते, नेमक्या त्या सांध्यावर, अ‍ॅक्सलला समांतर अशी तीन छिद्रे पाडायचे ठरवले. अर्धे छिद्र पोलादी चकतीत, अर्धे मऊ हबमध्ये. अडचण अशी की ड्रिल नेहमी मऊ धातूकडे पळते. सरळ ड्रिल लावले असते तर ते चकती सोडून हबमध्ये शिरले असते. म्हणून त्यांनी मिलिंग मशिनवर चाक बांधले, आधी सपाट टोकाच्या कटरने सांध्यावर खोलगट जागा केली आणि मग तेल सोडत, दर दोन मिलिमीटरला बाहेर काढत छिद्र पाडले. त्यात टॅपने आटे पाडून तीन ग्रब स्क्रू बसवले. आता चकती कोणत्याही दिशेने फिरू पाहिली तरी आधी त्या तीन स्क्रूंचे दोन तुकडे व्हायला हवेत. काम दीड तासाचे. त्यातला अर्धा तास चाक हलणार नाही असे बांधण्यात गेला. मजुरी किती म्हणून विचारले तर ‘अडीचशे द्या’ म्हणाले, आणि चहा त्यांनीच पाजला. दुकानात सात खेपांचे रेल्वेभाडेच मला त्याहून कितीतरी अधिक पडले होते.

नोव्हेंबरपासून आज जानेवारीच्या मध्यापर्यंत एकदाही तो ‘टक्’ आवाज आलेला नाही. तरी अजून उलटे वर्तुळ सुरू करताना कान हबकडे असतात; ही सवय जायला वेळ लागेल.

या दुरुस्तीचे तोटेही आहेत. चकती आता सहज निघणार नाही, म्हणजे दात्यांचे प्रमाण बदलायचे तर आधी स्क्रू काढून पुन्हा चाक फिरवण्याची कुस्ती आलीच, आणि नवी चकती घातली तर छिद्रे नव्या जागी पाडावी लागतील. माझे 28–14 हे प्रमाण मला जड वाटू लागले आहे. 25–14 असते तर उलटे पायडल मारणे हलके झाले असते. पुढची चकती बदलता येईल, म्हणून तूर्त तेच करणार आहे.

चेनविषयी थोडे सांगायला हवे, कारण फिक्स्डमध्ये ती कायम ताणलेलीच असावी लागते. माझी पुढची चकती मधल्या छिद्राला किंचित मोठी आहे आणि एका पातळ बुशने बसवली आहे; त्या बुशातल्या केसभर फटीमुळे ती गोल फिरत नाही, आणि चेन एका ठिकाणी घट्ट, तर समोरच्या बाजूला ढिली होते. घट्ट जागेवर मापून ताण ठेवावा, ढिल्या जागेवर नव्हे. हे समजेपर्यंत एकदा चेन उतरली. तेल घालताना चाक हाताने फिरवत ठेवू नये, हेही हातमोज्याच्या एका बोटाचे टोक गमावून शिकलो. फिक्स्डमध्ये चेन आणि चकतीच्या मध्ये बोट गेले तर थांबायला काही मोकळे नसते.

जपानमध्ये राहणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. पाय रोखून थांबता येते म्हणून ब्रेकची गरज नाही, हा युक्तिवाद येथे पोलिसांपुढे टिकत नाही. रस्त्यावर चालवायच्या सायकलीला दोन्ही चाकांना ब्रेक असणे कायद्याने बंधनकारक आहे आणि नसल्यास दंड होऊ शकतो. म्हणून मी घरापासून पुलापर्यंत सायकल ढकलत नेतो. दोनदा पोलिसांनी थांबवले, नोंदणीचा चिकटवलेला क्रमांक तपासला, आणि दोन्ही वेळा मी चालवत नव्हतो या एकाच गोष्टीने वाचलो.

फ्लॅटलँड नव्याने सुरू करणाऱ्याने हे घेऊ नये, कारण पेगवर उभे राहायला शिकण्याच्या आधीच नडग्या हार मानतील. ज्याला स्पर्धेत उतरायचे आहे त्यानेही फ्रीकोस्टरच घ्यावा. 2019 मध्ये चीनमधल्या चेंगदू येथे यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने फ्लॅटलँडला आपल्या शहरी सायकलिंगच्या जागतिक स्पर्धेत स्थान दिल्यापासून या खेळात मोठी माणसे आणि मोठ्या अपेक्षा आल्या आहेत, आणि तेथे दिसणाऱ्या बहुतेक जोडण्यांत पायडल स्थिर हवे असते. पण ज्याला उलटे जाण्यातच गोडी वाटते, त्याने फिक्स्ड जरूर घ्यावे. मात्र हब विकत घेताना चेकनट हातात घेऊन आटे डावे आहेत की उजवे, हे स्वतः फिरवून पाहावे. उजवे असतील तर दुकानदार कितीही वाकला तरी तेवढ्या रकमेत तीन स्क्रूंचा खर्च धरावा. माझे आजचे मत: सायकलीला साडेचार तारे, चाक विकणाऱ्याला दीड, उद्यमनगराला पाच.

काल दुकानाकडून पत्र आले. अकरा महिने पूर्ण झाल्याबद्दल आभार मानले आहेत, चकती पुन्हा ढिली झाली असल्यास फेब्रुवारीअखेर विनामूल्य कसून मिळेल असे कळवले आहे, आणि त्याच भेटीत चाकाचे आरेही तपासून ताणून देऊ असे लिहिले आहे. आरे खरोखरच ढिले झाले आहेत, आणि बाहेर त्याचे 3,000 येन घेतात. तेव्हा पुढच्या शनिवारी जाणार आहे. फक्त त्याआधी त्या तीन स्क्रूंवर काळे ग्रीस थापून ठेवतो.